ऑम्लेट नको, धिरडंच म्हणूया



रविवारी आमच्या घरी नाश्ता आणि जेवण एकच असते. मंदिरात अभिषेक-पूजा आटोपून सगळे घरी येईपर्यंत अकरा वाजतात. नाश्ता म्हणावा तर उशीर, जेवण म्हणावे तर लवकर. सूनबाई याला ‘ब्रंच’ म्हणतात. हा शब्द घरात यायच्या आधीपासून आमचा रविवारचा पदार्थ ठरलेला आहे: डाळीच्या पिठाचे टोमॅटो ऑम्लेट, अर्थात कांद्याशिवाय. अंड्याचा संबंध नसताना त्याला ऑम्लेट का म्हणतात, असा प्रश्न मला चाळीस वर्षांत पडला नव्हता. तो नऊ वर्षांच्या नातवाने पाडला.

झाले असे. ह्यांचे कोलेस्टेरॉल वाढले आणि डॉक्टरांनी तेल कमी करायला सांगितले. सूनबाई म्हणाली, “आई, पुढच्या रविवारी मी करते, हलकं करून दाखवते.” तिने डाळीच्या पिठाऐवजी मूगडाळ भिजवून वाटली, तव्याला नावापुरते तेल लावले आणि झाकण ठेवून छान जाळीदार भाजले. वरून काळे मीठ भुरभुरले. त्यातल्या गंधकामुळे अंड्यासारखा वास येतो, असे तिने कुठे तरी वाचले होते. मग ते अर्धे दुमडून, हॉटेलात देतात तसे ताटलीत वाढले.

नातवाने दोन घास खाल्ले आणि विचारले, “आजी, खरं ऑम्लेट अस्संच लागतं का?”

मी उत्तर देणार एवढ्यात आमचे चिरंजीव खाता खाता बोलून गेले, “जवळपास असंच.”

मग कोणीच काही बोलले नाही. ह्यांनी तांब्या उचलून उगाचच सगळ्यांच्या भांड्यांत पाणी ओतले. दुपारी मुलगा माझ्याजवळ येऊन बसला. इंजिनिअरिंगला असताना हॉस्टेलवर दोन वर्षे अंडी खाल्ली, मग आपणहून सोडली, असे त्याने सांगितले. मला राग आला नाही असे म्हणणार नाही. पण वीस वर्षांनी खरे सांगणाऱ्या मुलावर किती रागवायचे? त्याहून जास्त मी नातवाच्या प्रश्नाचा विचार करत राहिले. ज्या मुलाने आजवर अंडे पाहिलेसुद्धा दुरून, त्याच्या मनात ‘खरे कसे लागत असेल’ हे कुतूहल आले कुठून? माझ्याच स्वयंपाकघरातून.

यशोधर राजाची कथा आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली आहे. सोमदेवसूरींनी इसवी सन 959 मध्ये ‘यशस्तिलक चंपू’ या संस्कृत ग्रंथात ती विस्ताराने लिहिली, आणि जन्न कवीने कन्नडमध्ये. राजाला वाईट स्वप्न पडले म्हणून आई चंद्रमती म्हणाली, देवीला बळी दे. राजा जिवंत प्राणी मारायला तयार होईना. शेवटी आईच्या शब्दाखातर पिठाचा कोंबडा करून त्याने तो देवीपुढे कापला. रक्ताचा थेंब सांडला नाही. तरी त्या पापाने पुढच्या जन्मी राजा मोर झाला, आई कुत्रा झाली, आणि दोघांनाही तिर्यंच गतीत कितीतरी जन्म फिरावे लागले. हात पिठावर चालला होता, पण मनाने कोंबडाच मारला होता. लहानपणी मला ही शिक्षा फार कडक वाटायची. आता नातवंडे झाल्यावर कळते की कथा शिक्षेसाठी नाहीच, सावध करण्यासाठी आहे.

सूनबाईचे ऑम्लेट म्हणजे पिठाचा कोंबडा, असे मी म्हणत नाही. तिच्या मनात हिंसा नव्हती, सासऱ्यांची काळजी होती. आणि तिने मांडलेला मुद्दाही मला पटला. ती म्हणाली, “आई, ज्याला अंडं सोडायचंय, त्याला असा पदार्थ आधार देतो. सवय एका दिवसात सुटत नाही.” मुलानेही मान हलवली. पडलेल्या माणसाला काठी लागते, हे खरेच. बाहेर कित्येक जण आज ‘प्लांट बेस्ड’ खाऊन मांस-अंडी सोडत आहेत, त्यांना नावे ठेवणारी मी कोण? पण जो धड चालतो आहे, त्याच्या हातात काठी देऊन काय साधायचे? ज्याने अंडे कधी खाल्लेच नाही, त्याला अंड्याचा वास ओळखीचा करून देणे म्हणजे नको त्या दाराची किल्ली हातात देणे.

मी 1982 साली बी.कॉम. झाले. हिशेबात एक तत्त्व शिकवतात: नाव काय लिहिले आहे यापेक्षा व्यवहार मुळात काय आहे ते बघा. आपला पदार्थ मुळात धिरडेच आहे. आपल्या आज्या-पणज्या तो करत होत्या. मग नाव आणि वास उसना कशासाठी आणायचा?

म्हणून सूनबाईची पाककृती मी ठेवली, काळे मीठ काढले आणि नाव बदलले. ते मीठ ताकात घालायला चांगले.

करायचे असे: सकाळी 1 वाटी मूगडाळ आणि 2 चमचे तांदूळ गाळलेल्या पाण्यात 3 तास भिजवावेत. रात्रभर आंबवायचे नाही. 2 हिरव्या मिरच्या, जिरे आणि चिमूटभर सुंठ घालून वाटावे. 2 टोमॅटो बारीक चिरून, कोथिंबीर, हळद, हिंग, ओवा आणि साधे मीठ घालावे. ज्यांना टोमॅटो चालत नाही त्यांनी दुधी किसून घालावा. तव्यावर अर्धा चमचा तेल, झाकण, मंद आच. एवढ्यात सहा होतात. पिठात दही घालायचे नाही, म्हणजे द्विदलाचा प्रश्नच येत नाही. पावसाळ्यात पिठाची मर्यादा 3 दिवसांची, तेव्हा डब्यातल्या बेसनापेक्षा ताजी वाटलेली डाळ सोयीची.

हिशेबही सांगते. पूर्वी एकाला 2 चमचे तेल जायचे, सहांना 12. आता 3. चहाच्या चमच्याने 9 चमचे, म्हणजे 45 मिलिलिटर तेल वाचले, साडेतीनशेहून जास्त कॅलरी. शिवाय मूग पचायला हलका, त्यामुळे दोनांवर थांबता येते. अवमौदर्य म्हणजे भुकेपेक्षा थोडे कमी खाणे, हे आपल्या बाह्य तपांतले दुसरे तप. ते रविवारच्या ताटातही साधते.

राहिला नातवाचा प्रश्न. त्याचे उत्तर त्याच्या वडिलांनीच दिले. म्हणाले, “मी खाल्लं होतं, मग सोडलं. का सोडलं ते तुला सांगतो.” आणि दोघे गच्चीवर जाऊन बसले. काय बोलले ते मी विचारले नाही. खाली आल्यावर नातवाने विचारले, “आजी, अजून एक धिरडं आहे का?” होते. दिले.

तुमच्या घरी याला काय म्हणता, ते जरूर कळवा.