‘ॲडिक्टेड’ : एका शब्दाचें पाप

चहाचें ‘ॲडिक्शन’, कादंबऱ्यांचें ‘ॲडिक्शन’! आमच्या सुशिक्षित घरांतून हा इंग्रजी शब्द इतक्या सहज उच्चारला जातो, कीं त्याच्या पदरीं कांहीं पाप असेल अशी शंकाही कोणास येत नाहीं. ती यावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

रोमन कायद्यांत ‘ॲडिक्टस’ म्हणजे कर्ज न फिटल्यामुळें न्यायाधिकाऱ्यानें सावकाराच्या स्वाधीन केलेला ऋणको. इंग्रजींत मात्र जो आपण होऊन एखाद्या गोष्टीच्या अधीन होतो, तो ‘ॲडिक्टेड’. मग ती गोष्ट विद्याभ्यास असो वा मद्यपान. आपलें ‘व्यसन’ही असेंच दुतोंडी आहे, विद्याव्यसनी म्हटल्यानें कोणी रागावत नाहीं. तात्पर्य, सवय म्हणावयाची तर तिला कर्ता हवा, कृति हवी आणि त्या कृतीची पुनरावृत्ति हवी.

१८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यानें हे तिन्ही आधार काढून घेतले. पद्धतशीर गुन्हे करण्यास ‘ॲडिक्टेड’ हें विशेषण त्यानें व्यक्तीस नव्हे, सबंध जमातीस लाविलें. सरकारी अधिसूचना निघाली, कीं तिच्या वैधतेविषयीं प्रश्न करण्याची कोणत्याही न्यायालयास मुभा नव्हती. पाळण्यांतल्या मुलास कसली आली आहे सवय? पुढें १९११ च्या कायद्यानें हें लोण मुंबई इलाख्यांत आणिलें. सोलापुरास तारेच्या कुंपणाआड वसाहत उभी राहिली. शब्द पुन्हा रोमास परतला : माणूस अधीन झाला नव्हता, त्यास अधीन केलें गेलें होतें.

तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला, असें कोणी म्हणेल. झाला खरा. १९५९ च्या मुंबई राज्याच्या सराईत गुन्हेगारांच्या कायद्यांत जन्म नव्हे, वारंवार झालेली शिक्षा पाहिली जाते, हेंही आम्हांस मान्य आहे. परंतु अनेक राज्यांच्या तुरुंग-नियमावल्यांतून जन्म हटला नव्हता. जातीवर आधारलेल्या त्या तरतुदी सर्वोच्च न्यायालयास २०२४ सालीं घटनाबाह्य ठरवाव्या लागल्या.

आणि आमच्या घरांतून? दारीं पारध्याची बाई दिसतांच भांडीं आंत नेणारे आपणच. ‘त्यांना सवयच असते’ असें म्हणण्यापूर्वी वाचकांनीं स्वतःस विचारावें : कोणाला, कोणती कृति, किती वेळां करतांना आम्ही पाहिलें? उत्तर सांपडलें नाहीं, तर सवय त्यांची नव्हे, आपली आहे.