संधी किती मोसमांची? ह्यूस्टन टेक्सन्सच्या यशाचा आम्ही लावलेला अर्थ

१३ जानेवारी २०२४ रोजी ह्यूस्टन टेक्सन्स या अमेरिकन फुटबॉल संघाने बाद फेरीच्या पहिल्या सामन्यात क्लीव्हलंड ब्राउन्सचा ४५-१४ असा धुव्वा उडवला. आपल्याकडे तेव्हा १४ जानेवारीची पहाट होती, नामविस्तार दिनाची. एकीकडे शुभेच्छांचे संदेश येत होते आणि त्यातच आमच्यातल्या एका तरुण मित्राने त्या संघाच्या प्रशिक्षकाचा फोटो टाकला: डेमिको रायन्स, वय ३९, कृष्णवर्णीय, मुख्य प्रशिक्षक म्हणून पहिलाच मोसम. खाली लिहिले होते, "संधी मिळाली की काय होतं बघा!" लगेच दुसऱ्याचे उत्तर आले, "त्याला कोणी सवलत दिली नव्हती, स्वतःच्या गुणवत्तेवर आलाय."

दोघेही आपलेच आहेत आणि दोघांचेही अर्धेच बरोबर आहे. पहिला विचारत नाही की संधी म्हणजे नेमके काय. दुसऱ्याला माहीत नाही की रायन्सच्या आधी त्याच खुर्चीत कोण बसले होते आणि त्यांचे काय झाले. या मोसमाची गोष्ट खरे तर तिथूनच सुरू होते, म्हणून ती आम्ही सविस्तर सांगणार आहोत.

हा खेळ आपल्याकडचा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू, हातात धरून पळायचे, एकमेकांना धडका देऊन पाडायचे. नॅशनल फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, असे ३२ संघ आहेत आणि ही लीग अमेरिकेतला सर्वात श्रीमंत क्रीडाव्यवसाय आहे. तिथले निम्म्याहून अधिक खेळाडू कृष्णवर्णीय आहेत. पण २०२३च्या मोसमाच्या सुरुवातीला ३२ मुख्य प्रशिक्षकांपैकी कृष्णवर्णीय किती? माइक टॉमलिन, टॉड बोल्स आणि डेमिको रायन्स. तीन. मिश्रवंशीय माइक मॅकडॅनियल यांना धरले तर चार. आणि संघाची मुख्य मालकी कृष्णवर्णीय माणसाकडे आजवर एकदाही आलेली नाही. हाडे मोडून घ्यायला एक समाज आणि हुकूम सोडायला दुसरा. ही रचना आपल्या वाचकांना वेगळी समजावून सांगायची गरज नाही.

आता ह्यूस्टनकडे येऊ. २०१७ साली वंशभेदी पोलिसी अत्याचाराच्या निषेधार्थ खेळाडू राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकत होते. तेव्हा मालकांच्या बैठकीत टेक्सन्सचे मालक बॉब मॅकनेअर यांनी, कैद्यांच्या हाती तुरुंगाचा कारभार देता येणार नाही, अशा आशयाचे उद्गार काढले. नंतर त्यांनी माफी मागितली, पण पुढच्याच सामन्यात त्यांच्या संघातले बहुतेक खेळाडू गुडघ्यावर होते. २०१८ साली मॅकनेअर वारले आणि कारभार त्यांचा मुलगा कॅल याच्याकडे आला.

२०२०च्या मोसमात संघ १६ पैकी १२ सामने हरला. त्यानंतर त्यांचा सर्वात मोठा खेळाडू, क्वार्टरबॅक डेशॉन वॉटसन, याने संघ सोडायची मागणी केली. मग वीसहून अधिक महिलांनी त्याच्याविरुद्ध लैंगिक गैरवर्तनाचे दिवाणी दावे लावले. त्याने आरोप नाकारले, त्याच्यावर फौजदारी खटला उभा राहिला नाही, पण लीगने पुढे त्याला ११ सामन्यांसाठी निलंबित केले आणि टेक्सन्स संघालाही ३० महिलांशी तडजोड करावी लागली. वॉटसन कृष्णवर्णीय आहे म्हणून हा भाग आम्ही गाळणार नाही. ज्यांना प्रतिनिधित्वाचे राजकारण करायचे आहे त्यांनी आधी तक्रार करणाऱ्या बाईचे ऐकायला शिकले पाहिजे.

तर संघ असा मोडकळीला आलेला असताना, जानेवारी २०२१ मध्ये, मुख्य प्रशिक्षक म्हणून डेव्हिड कली यांना आणले गेले. वय ६५. त्याआधी २७ मोसम ते या लीगमध्ये सहाय्यक म्हणून राबले होते. पहिला मान मिळाला तोही अशा संघाचा, ज्याचा मुख्य खेळाडू मैदानावर उतरणारच नव्हता. १७ पैकी ४ सामने जिंकले आणि वर्षभरात घरी पाठवले गेले.

त्यांच्या जागी कोण? ज्यांच्या मुलाखती झाल्या त्यात जॉश मॅककाउन हे नाव होते. हे गौरवर्णीय माजी क्वार्टरबॅक. महाविद्यालयीन किंवा व्यावसायिक पातळीवर प्रशिक्षणाचा एका दिवसाचाही अनुभव नाही. दुसरे नाव ब्रायन फ्लोरेस यांचे. मायामी संघाला लागोपाठ दोन वर्षे पराभवांपेक्षा जास्त विजय मिळवून देऊनही त्यांना नुकतेच काढून टाकले होते. आणि १ फेब्रुवारी २०२२ रोजी फ्लोरेस यांनी एनएफएलवर वंशभेदाचा खटला भरला. न्यूयॉर्क जायंट्सच्या मुलाखतीला जाण्याच्या तीन दिवस आधी त्यांच्या फोनवर अभिनंदनाचा संदेश आला होता. पाठवणारे होते दिग्गज प्रशिक्षक बिल बेलिचिक, आणि तो पाठवायचा होता दुसऱ्याच ब्रायनला, म्हणजे ब्रायन डेबोल यांना. निवड आधीच झाली होती. फ्लोरेस यांची मुलाखत फक्त नियमाची पूर्तता करण्यासाठी होती, असे त्यांचे म्हणणे. लीगने आणि संघांनी आरोप फेटाळले. पण ज्याने कधी 'मुलाखतीला पात्र, निवडीला अपात्र' असा शेरा झेलला आहे त्याला हा प्रसंग ओळखीचा वाटेल.

हा खटला गाजत असतानाच टेक्सन्सने लव्ही स्मिथ यांना मुख्य प्रशिक्षक केले. फेब्रुवारी २००७च्या सुपर बोलमध्ये इतिहासात प्रथमच दोन कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक पोचले होते. टोनी डंजी जिंकले आणि स्मिथ उपविजेते ठरले. असा अनुभवी माणूस. पदरात तोच मोडका संघ. ३ विजय, १३ पराभव, १ बरोबरी. शेवटच्या सामन्यात संघाने ३२-३१ असा विजय मिळवला आणि त्याच रात्री स्मिथ यांना काढले. या विजयामुळे पुढच्या खेळाडू निवडीतला पहिला क्रमांकही संघाच्या हातून गेला. ज्या व्यवस्थेत तळाला राहण्याचे बक्षीस मिळते, तिथे जिंकणेही महागात पडते.

दोन वर्षे, दोन कृष्णवर्णीय प्रशिक्षक, दोन हकालपट्ट्या. आणि या दोन्ही वर्षांत संघ बांधणारे, खेळाडू निवडणारे, प्रशिक्षक नेमणारे सरव्यवस्थापक निक कसेरियो? ते जानेवारी २०२१ पासून जागेवरच होते. त्यांना आपली योजना पूर्ण करायला वेळ मिळाला. आमचा आक्षेप नेमका इथे आहे. वेळ हीसुद्धा भांडवलासारखी असते, आणि ती कुणाला द्यायची हे वरचे ठरवतात.

कुणी म्हणेल, गौरवर्णीय प्रशिक्षकांनाही वर्षाच्या आत काढतात. खरे आहे. डेन्व्हरचे नॅथॅनियल हॅकेट २०२२ साली पहिला मोसम संपण्याआधीच गेले. पण पुढच्याच वर्षी ते न्यूयॉर्क जेट्सच्या आक्रमणाचे समन्वयक होते. पडणाऱ्याखाली जाळे आहे की फरशी, हा फरक आहे. आणि एकाच संघाने लागोपाठ दोन प्रशिक्षकांना एकेका मोसमात घालवणे हे त्या खेळातही क्वचितच घडते. कुणी म्हणेल, टेक्सन्सने तीनदा कृष्णवर्णीय माणूसच नेमला, मग भेदभाव कुठला? जहाज बुडत असताना सुकाणू कुणाच्या हाती दिले आणि ते तरंगू लागल्यावर श्रेय कुणाला मिळाले, असे उलट विचारा. नेमणूक मोजून भागत नाही. कोणत्या अटींवर नेमले तेही मोजावे लागते.

आता रायन्स यांच्याकडे येऊ. अलाबामातल्या बेसेमर गावचा हा माणूस. २००६ साली टेक्सन्सनेच त्याला खेळाडू म्हणून निवडले आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित बचावपटू तो ठरला. खेळ संपल्यावर २०१७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या संघात अगदी खालच्या पायरीवरून प्रशिक्षणाला सुरुवात केली. २०२२ साली त्याच्या हाताखालची बचाव फळी लीगमध्ये पहिली होती. जानेवारी २०२३ अखेर टेक्सन्सने त्याला बोलावले ते सहा वर्षांच्या करारावर.

आणखी काय मिळाले? त्या वर्षीच्या खेळाडू निवडीत दुसरा क्रमांक, आणि सौदा करून मिळवलेला तिसराही. दुसरा क्रमांक स्मिथ यांच्या पराभवांतून आला होता. तिसऱ्यासाठी जी किंमत मोजली त्यात वॉटसनला क्लीव्हलंडला देऊन मिळालेला हक्क होता. म्हणजे कली आणि स्मिथ यांनी अपयशाचा शिक्का कपाळी घेतला आणि त्या अपयशातून आलेले बियाणे रायन्स यांच्या शेतात पडले. यात रायन्स यांचा काहीच दोष नाही. पण हा हिशेब न मांडता 'गुणवत्ता जिंकली' म्हणणे म्हणजे अर्धीच वही वाचणे.

गुणवत्तेचा विषय निघालाच आहे तर दुसऱ्या क्रमांकावर निवडलेल्या सी. जे. स्ट्राउडचे पाहा. निवडीच्या काही दिवस आधी या कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकचे एका आकलन चाचणीतले कमी गुण बाहेर फुटले आणि त्याच्या डोक्याच्या कुवतीवर चर्चा झडू लागली. या चर्चेला इतिहास आहे. कृष्णवर्णीय माणूस पळेल, धडकेल, पण डावपेच त्याला जमणार नाहीत, या समजुतीने दशकानुदशके त्याला क्वार्टरबॅकच्या जागेपासून दूर ठेवले गेले. मेंदूच्या इजेची भरपाई ठरवताना तर याच लीगच्या तडजोडीत, कृष्णवर्णीयांची आकलनशक्ती मुळातच कमी असते असे गृहीत धरणारी मोजपट्टी वापरली जात होती. दोन माजी खेळाडू २०२० साली कोर्टात गेले, तेव्हा कुठे २०२१ मध्ये लीगने ती सोडायचे मान्य केले. स्ट्राउडचे पुढे काय झाले? १५ सामन्यांत ४,१०८ यार्डांच्या फेका, २३ टचडाउन आणि प्रतिस्पर्ध्यांच्या हाती गेलेले चेंडू फक्त ५. टॅम्पा बेविरुद्ध त्याने एकाच सामन्यात ४७० यार्डांच्या फेका केल्या, नवोदितासाठी विक्रम, आणि ६ सेकंद उरले असताना विजयी टचडाउन दिला. चाचणीने काय मोजले होते, हे आता चाचणीवाल्यांनीच सांगावे.

मोसमाची सुरुवात मात्र दोन पराभवांनी झाली होती. इथेच रायन्स यांना मिळालेल्या सहा वर्षांचे मोल कळते. घाबरून खेळाडू बदलायची गरज पडली नाही. पुढच्या दोन सामन्यांत जॅक्सनव्हिलला ३७-१७ आणि पिट्सबर्गला ३०-६ असे हरवले. डिसेंबरमध्ये जेट्सकडून ३०-६ असा मार खाताना स्ट्राउडच्या डोक्याला इजा झाली. त्याला घाईने परत उतरवले नाही. पुढचे दोन सामने तो बाहेर होता. शेवटच्या सामन्यात इंडियानापोलिसला २३-१९ हरवून संघ १० विजय, ७ पराभवांवर पोचला आणि गटविजेता झाला. बाद फेरीत क्लीव्हलंडवर विजय. पुढे बाल्टिमोरकडून ३४-१० असा पराभव. स्ट्राउड सर्वोत्तम नवोदित आक्रमक ठरला, तिसऱ्या क्रमांकावर निवडलेला विल अँडरसन सर्वोत्तम नवोदित बचावपटू. वर्षातल्या सर्वोत्तम प्रशिक्षकाच्या निवडीत रायन्स आणि क्लीव्हलंडचे केव्हिन स्टेफान्स्की यांचे गुण समान झाले. पहिल्या पसंतीच्या एका मताने स्टेफान्स्की जिंकले.

आता नियमाविषयी. २००२ साली वकील जॉनी कॉक्रन आणि सायरस मेहरी यांनी आकडेवारी मांडून दाखवले की कृष्णवर्णीय प्रशिक्षक जास्त जिंकतात आणि तरी त्यांना संधी कमी मिळते. खटल्याच्या धाकाने २००३ मध्ये 'रूनी नियम' आला: मुख्य प्रशिक्षकाच्या जागेसाठी किमान एका अल्पसंख्याक उमेदवाराची मुलाखत घेतलीच पाहिजे. नियमाने दारे किलकिली झाली हे नाकारता येणार नाही. पण तो मुलाखतीची सक्ती करतो, निवडीची नाही. २०२० मध्ये भर पडली की ज्या संघातला अल्पसंख्याक सहाय्यक दुसरीकडे मुख्य प्रशिक्षक होईल, त्या संघाला खेळाडू निवडीचे दोन जादा हक्क मिळतील. त्यानुसार रायन्स गेल्याबद्दल सॅन फ्रान्सिस्कोला ते मिळाले. न्याय करण्यासाठीही मालकाला बक्षीस द्यावे लागते, अशी ही व्यवस्था!

आणि एका यशाने काही कायमचे बदलत नाही. २०२४ साली न्यू इंग्लंडने जेरॉड मेयो यांना, तर लास व्हेगासने अँटोनिओ पिअर्स यांना पूर्णवेळ मुख्य प्रशिक्षक केले. दोघेही कृष्णवर्णीय, दोघांचेही संघ कमकुवत, दोघांचीही कामगिरी ४ विजय आणि १३ पराभव, आणि जानेवारी २०२५ मध्ये दोघेही बाहेर. त्याच मोसमात रायन्स यांच्या संघाने पुन्हा १० सामने जिंकून गट राखला. मेयो आणि पिअर्स यांना दुसरे वर्ष मिळाले असते तर काय झाले असते, हे आता कुणालाच कळणार नाही. हिरावून घेतलेली संधी पुरावा मागे ठेवत नाही, म्हणूनच ती हिरावणे सोपे असते.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते, हार्लेमच्या शेजारी. १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली होती. भावनेपोटी फोटो मागितला नव्हता, कागद मागितला होता. वंश आणि जात एक नाहीत, हे भान ठेवूनच आपणही तिकडचे कागद वाचले पाहिजेत.

म्हणून फोटो टाकणाऱ्या मित्राला आमचे सांगणे एवढेच. रायन्सचा फोटो जरूर टाक. पण त्याच्या शेजारी डेव्हिड कली आणि लव्ही स्मिथ यांचेही फोटो लाव. आणि पुढच्या वेळी आपल्यातला कुणी एखाद्या पदावर बसला की हार घेऊन जाण्याआधी तीन प्रश्न विचारूया: त्याला किती वर्षे दिली? त्याच्या हातात काय दिले? आणि त्याच्या आधीच्या माणसाचे काय केले? या तिन्हींची उत्तरे मिळेपर्यंत त्याला प्रतिनिधित्व म्हणू नये. ती नुसती नेमणूक असते.