घरची करवत व धंद्याची करवत

घरगुती हत्यारांविषयीं या सदरांत लिहितांना साखळी-करवतीचा उल्लेख आम्ही आजवर टाळीत आलों. कारण तें हत्यार जितकें कामाचें तितकेंच घातकी आहे. परंतु ३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें आणि शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यांतहि बागाच्या बागा आडव्या झाल्या, तेव्हांपासून "घरीं एक वुडकटर हवाच" ही भाषा कोंकणांतील पुष्कळ घरांतून ऐकूं येते. तो असावा कीं नसावा, आणि असल्यास कोणता, याचा शांतपणें विचार करणें बरें.

आमच्या थोरल्या बंधूंच्या दापोलीकडील वाडींत त्या दिवशीं जुना फणस गोठ्यावर कोसळला. रस्ते बंद, वीज नाहीं, माणूस मिळेना. चार दिवसांनीं पुतण्यानें बाजारांतली स्वस्तांतली स्वस्त करवत आणली. फांद्या तिनें भराभर उडविल्या व सर्वांस हुरूप आला. बुंध्याशीं मात्र ती अडूं लागली, तापूं लागली. मुलानें जोर केला; इतक्यांत पात्याचें टोंक पलीकडच्या ओंडक्यास लागलें आणि करवत उसळून त्याच्या खांद्याजवळून गेली. वहिनींनीं त्याच संध्याकाळीं ती माळ्यावर टाकली. पुढें विचार करतां आमच्या ध्यानांत आलें कीं, दोष एकट्या यंत्राचा नव्हता. कामाची व हत्याराची जोडच आम्हीं चुकविली होती.

घरगुती करवतीचें एंजिन साधारणतः ३० ते ४५ घनसेंटिमीटरांचें व पातें १४ ते १६ इंचांचें असतें. तिच्या एंजिनाचें कवच बहुधा प्लॅस्टिकचें असून ती अधूनमधून, थोडा वेळ चालविण्यासाठीं घडविलेली असते. धंदेवाइकांची करवत ५० घनसेंटिमीटरांपासून पुढें. कवच मॅग्नेशियमचें, हाताला बसणारे हादरे कमी, तेल कमीअधिक सोडण्याची सोय, आणि दिवसभर राबण्याची ताकद. स्टील या जर्मन कारखान्याच्याच दोन करवती पाहा: 'एमएस १८०' सुमारें दीड किलोवॅटची, तर 'एमएस २६१' तीन किलोवॅटची. वजनांत फरक सुमारें किलोचा. शक्ति मात्र दुप्पट! किंमतींतील मोठें अंतर येथून येतें.

कठीण लाकडांत हा फरक लागलाच कळतो. चिंच, ऐन, बाभूळ यांच्या खोडांत पातें पूर्ण बुडालें कीं लहान एंजिनाची गति पडते. ओल्या लाकडाहून वाळलेलें अधिक कठीण. आणि सागांत वाळूसारखा सिलिकेचा अंश असल्यानें तो दांत्यांची धार लवकर मारतो. तथापि पुष्कळ वेळां माणूस एंजिनास नांवें ठेवतो तेव्हां दोष साखळीचा असतो. अमेरिकेंतील ऑरेगन प्रांतांत जोसेफ कॉक्स नांवाच्या लाकूडतोड्यानें १९४६ सालीं ओंडका पोखरणारी एक अळी न्याहाळली. ती जबडे डावी-उजवीकडे चालवून लाकूड खात होती. त्यावरून त्यानें १९४७ सालीं जी साखळी बाजारांत आणली, तिचेच दांते थोड्याफार फरकानें आजहि सर्वत्र चालतात. धार चांगली असेल तर करवत ढलप्या काढते. बारीक भुसा पडूं लागला कीं थांबावें व गोल कानस हातीं घ्यावी. कठीण व मातकट लाकडास गोलसर कोपऱ्याचे दांते बरे. ते किंचित् सावकाश कापतात, पण धार टिकवितात.

तर मग घ्यावें काय? वर्षांतून चार-दोन वेळां फांद्या छाटणें, पडलेल्या लहान झाडाचें जळण करणें एवढेंच काम असेल, तर चांगल्या कारखान्याची घरगुती करवत पुरे. बागायत मोठी असून दर आठवड्यास कठीण लाकूड फोडावयाचें असेल, तरच धंद्याची करवत घ्यावी. ती अधिक वेगानें चालते व अधिक कौशल्य मागते. आणि वर्षा-दोन वर्षांनीं एखादाच मोठा बुंधा कापावयाचा असेल, तर जाणत्या माणसास त्याच्या करवतीसह बोलवावें. त्यांत कमीपणा नाहीं. उभें झाड तोडावयाचें असल्यास १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाखालीं परवानगी लागते कीं काय, हें आधीं वनखात्याकडे विचारावें. आंबा, फणस, चिंच हीं घरचीं झाडेंहि त्याच्या यादींत आहेत.

करवत कोणतीहि असो, पात्याच्या टोंकाचा वरचा भाग कशासहि लागूं देऊं नये; उसळी तेथूनच येते. साखळीचा ब्रेक रोज तपासावा. खांद्यापेक्षां उंच करवत धरूं नये, एकट्यानें काम करूं नये. बूट, चष्मा, कानांचें आवरण व मांड्यांचें संरक्षक वस्त्र यांचा खर्च करवतीच्या किंमतींतच धरावा. तो झेपत नसेल, तर करवतच झेपत नाहीं असें समजावें.

बंधूंच्या घरीं आतां एक बऱ्यापैकीं घरगुती करवत आहे, आणि तिच्या पेटीची किल्ली वहिनींपाशीं असते. पुतण्याच्या पायांत बूट दिसल्यावांचून त्या ती देत नाहींत. बुंधे कापण्यास गांवांतील जाणता मनुष्य येतो, आणि दुपारीं घरच्यांच्याच पंगतीस बसून जेवून जातो.