राक्षसाला मारायचंच नाही!

जादुई मुलींच्या अ‍ॅनिमेचा साचा तुम्हाला पाठ असेल. साधी शाळकरी मुलगी, हातात चमचमती वस्तू, अर्ध्या मिनिटाचं रूपांतर, मग राक्षसाची धुलाई. प्राणी असलाच तर तो खांद्यावर बसून सल्ले देणार. 'सेलर मून'मधली लूना मांजर आठवा. 4 फेब्रुवारी 2024 ला जपानमध्ये रविवारी सकाळी साडेआठला सुरू झालेल्या 'वंडरफुल प्रिक्युअर!'ने हे उलटं केलं. इथे नायिकाच कुत्री आहे. कोमुगी, पॅपिलॉन जातीची, मोठ्या कानांची. मालकीण इरोहा संकटात सापडते, तिला वाचवायला कोमुगी धावते आणि मुलगी होते.

नाव ऐकूनच अनेकांनी 'खेळणी विकायचा धंदा' म्हणून नाक मुरडलं. धंदा आहेच, नाही कोण म्हणतं? पण 50 एपिसोड संपले तेव्हा, 26 जानेवारी 2025 ला, ही मालिका बघून रडणाऱ्यांत कॉलेजवाले आणि नोकरीवालेही होते. का, ते बघू.

मुळात प्रिक्युअर म्हणजे हाणामारी. 2004 ची पहिली मालिका दिग्दर्शित केली होती 'ड्रॅगन बॉल झी'वाल्या दाइसुके निशिओंनी, त्यामुळे त्या मुली जादूच्या कांडीपेक्षा बुक्क्यांवर जास्त विश्वास ठेवायच्या. वीस वर्षांनी 'वंडरफुल'मध्ये समोर येतो तो 'गारुगारू'. जपानीत 'गारुगारू' म्हणजे गुरगुरणं. हा राक्षस म्हणजे कुणीतरी बिथरवलेला एक निष्पाप प्राणीच. मग त्याला मारणार कसं? कोमुगी आणि इरोहा त्याच्यामागे पळतात, त्याला दमवतात, शांत करतात, मिठी मारतात. घाबरलेल्या कुत्र्याला कधी हाताळलं असेल तर तुम्हाला हे लगेच ओळखीचं वाटेल. आवाज चढवला की तो आणखी बिथरतो.

मालिकेची खरी ताकद मात्र मांजरीत आहे, असं माझं मत. युकी ही मायु नावाच्या लाजाळू मुलीची पांढरी मांजर. तीही माणूस होते, क्युअर न्यामी बनते आणि थेट गारुगारूला फटकावते! इरोहा तिला अडवते. पण न्यामीचं म्हणणं बघा: मला जगाशी घेणंदेणं नाही, माझ्या मायुला ओरखडाही येता कामा नये. चूक आहे का ती? मांजर पाळणारा कुणीही सांगेल, मांजर अशीच असते. तिला सगळ्यांची मैत्रीण व्हायचं नसतं. लेखकांनी तिला एका एपिसोडमध्ये गोग्गोड केलं नाही. तिला वेळ दिला, आणि मायुलाही. आपल्यासाठी सगळं जग लांब ठेवणाऱ्या या मांजरीला 'मीही पुढे येते' म्हणायला मायुला धीर गोळा करावा लागतो. म्हणून ती क्युअर लिलियन होते तेव्हा ते रूपांतर नुसतं रिबिनींचं राहत नाही.

याच्या शेजारी 'टोक्यो म्यू म्यू' ठेवून बघा. 2002 चं अ‍ॅनिमे, 2022 मध्ये नव्याने आलं. पाच मुलींमध्ये दुर्मीळ प्राण्यांचे जीन्स. इचिगोमध्ये इरिओमोते बेटावरची रानमांजर. कल्पना झकास. पण बहुतेक वेळा प्राणी उरतो कान आणि शेपटीपुरता. ती रानमांजर बेटावर कशी जगते, ती उरलीये किती, हे प्रेमकथेच्या गडबडीत मागे पडतं. बघायला मजा येते, पण ती मांजर मनात घर करत नाही.

आणि हे आत्ताच का? जपानचे आकडे बघा. 2023 च्या अंदाजानुसार तिथे पाळीव कुत्री-मांजरं मिळून सुमारे 1 कोटी 59 लाख. 2024 मध्ये पंधरा वर्षांखालची मुलं सुमारे 1 कोटी 40 लाख. म्हणजे घराघरात भावंडाची जागा प्राण्याने घेतलीये. त्या घरातल्या पोराच्या मनात दोन गोष्टी असणारच: 'हा बोलला असता तर?' आणि 'हा माझ्याआधी जाणार का?' पहिली इच्छा मालिका सुरुवातीलाच पुरी करते. दुसऱ्या प्रश्नालाही शेवटाकडे टाळत नाही, आणि तिथे जादू वापरून पळवाट काढत नाही.

एक आक्षेप मात्र राहतोच. बोलणारी कुत्री आपल्याला हवं तेच बोलते. 'तुझ्यावर फार प्रेम आहे' हे शेवटी माणसानेच लिहिलेलं वाक्य. त्यावर मालिकेकडे उत्तर आहे ते खलनायकांत. ते नामशेष झालेल्या लांडग्यांच्या बाजूने माणसांवर उठलेत. हे काल्पनिक नाही. शेवटचा खात्रीशीर जपानी लांडगा 1905 मध्ये नारा प्रांतात मिळाला, तोही मेलेला. एका अमेरिकन संग्राहकाने तो विकत घेतला आणि त्याचं कातडं लंडनच्या म्युझियममध्ये गेलं. इथे मिठी मारून शांत करायला कुणी उरलेलंच नाही. राग खरा, कारण खरं, आणि सॉरी म्हणून लांडगे परत येणार नाहीत. रविवार सकाळच्या कार्टूनने सहा वर्षांच्या मुलांसमोर हे मांडलं.

बघायला घेणार असाल तर एक सांगतो. पहिले काही एपिसोड फारच बाळबोध वाटतील, मधले काही तर सरळ पळवा. पण न्यामी येईपर्यंत थांबा.