सुटकेची घाई कोणाला?

युद्धकैद्यांच्या सुटकेवरील चित्रपट पाहून आलेल्या मनुष्याने ‘फारच संथ बुवा! शेवटचा अर्धा तास तेवढा पाहण्यासारखा,’ असा अभिप्राय द्यावा, यात वरवर पाहता गैर काहीच नाही. तिकिटाचे पैसे त्याने मोजलेले असतात आणि कंटाळण्याचा हक्क त्या पैशांतच येतो. परंतु तोच अभिप्राय अनेक तोंडांतून येऊ लागला, आणि त्यालाच रसिकतेचा निकष म्हणून मान मिळू लागला, म्हणजे त्याची उलटतपासणी करणे भाग पडते. जॉन डाल यांनी दिग्दर्शित केलेल्या व २००५ साली प्रदर्शित झालेल्या ‘द ग्रेट रेड’ या चित्रपटाच्या वाट्याला हाच अभिप्राय आला. आमच्या मते त्यात चित्रपटाच्या दोषापेक्षा प्रेक्षकाचीच अभिरुची अधिक उघडी पडते.

प्रथम हकीकत पाहू. ९ एप्रिल १९४२ रोजी फिलिपीन्समधील बातान येथील अमेरिकन व फिलिपिनो सैन्य जपान्यांना शरण गेले. उपासमारीने व हिवतापाने खंगलेल्या त्या हजारो सैनिकांना भर उन्हातून चालवीत नेण्यात आले. वाटेत जो पडला तो बहुधा पुन्हा उठला नाही. उरलेल्या अमेरिकनांपैकी पुष्कळांची रवानगी काबानातुआनच्या छावणीत झाली. पुढे त्यांतील धडधाकट कैद्यांना मजुरीसाठी जहाजांत कोंबून जपानकडे नेण्यात आले, आणि १९४५ च्या प्रारंभी त्या छावणीत पाचशेंहून थोडे अधिक, बहुतांशी आजारी व पंगू असे कैदी शिल्लक राहिले. तत्पूर्वी १४ डिसेंबर १९४४ रोजी पालावान बेटावर जपानी पहारेकऱ्यांनी सुमारे १५० कैद्यांना खंदकांत उतरवून, वरून पेट्रोल ओतून पेटवून दिले होते. त्यांतून ११ जण वाचले. काबानातुआनचाही शेवट असाच होईल या भीतीने लेफ्टनंट कर्नल हेन्री म्यूसी व कॅप्टन रॉबर्ट प्रिन्स यांच्या हाताखाली सुमारे १२० रेंजर सैनिक शत्रूच्या मुलुखात ३० मैल आत शिरले, आणि ३० जानेवारी १९४५ च्या सायंकाळी सुमारे अर्ध्या तासात त्यांनी ती छावणी रिकामी केली.

आता संथपणाचा आरोप. हा हल्ला मुळात २९ जानेवारीस व्हावयाचा होता. छावणीजवळच्या रस्त्यावरून जपानी तुकड्यांची मोठी ये-जा चालू आहे, आज हात घातलात तर सर्वनाश होईल, असे फिलिपिनो गनिमांचा कप्तान हुआन पाहोता याने बजावले, आणि मोहीम एक दिवस पुढे ढकलण्यात आली. म्हणजे ज्या विलंबाचा प्रेक्षकास कंटाळा येतो, त्या विलंबानेच त्या पाचशे माणसांचे प्राण वाचविले. आपल्या प्रेक्षकाच्या हाती ती मोहीम असती, तर त्याने ती एक दिवस आधीच उरकली असती, आणि मग सुटकेवर चित्रपट काढण्याची वेळच आली नसती!

शिवाय कैद म्हणजे काय, याचाही विचार करावा. बंदिवासाचे मुख्य दुःख मारहाणीत नसते. आज कालच्यासारखाच गेला आणि उद्याही तसाच जाणार, या जाणिवेत ते असते. काबानातुआनचे कैदी जवळजवळ तीन वर्षे हे दुःख भोगीत होते. सुटका करणारे दाराशी येऊन उभे राहिले, तेव्हा कित्येकांना ते आपलेच लोक आहेत हे उमजेना. १९४२ नंतर अमेरिकन सैन्याचे गणवेश व शस्त्रे बदलली होती, आणि हा शत्रूचाच काही डाव असावा अशी त्यांना शंका आली. एक बहिरा इंग्रज कैदी शौचकूपात होता. गोळीबार त्याला ऐकूच आला नाही, आणि तो मागे राहून दुसऱ्या दिवशी गनिमांच्या हाती सुखरूप लागला. ज्याने ती तीन वर्षे पडद्यावर तासभरही सोसली नाहीत, त्याला शेवटच्या अर्ध्या तासाचा आनंद घेण्याचा अधिकार कोणता? सुटका कशापासून झाली हेच ज्यास ठाऊक नाही, त्याने पाहिलेली ती सुटका नव्हे, नुसती आतषबाजी होय.

दुसरा आक्षेप प्रेमकथेविषयी आहे, आणि तेथे आम्ही प्रेक्षकाच्या बाजूचे आहोत. मात्र त्याच्या कारणासाठी नव्हे. ‘ही बाई मध्येच येऊन कथा अडविते’ असे तो म्हणतो. ही बाई काल्पनिक नाही. मार्गारेट उटिन्स्की नावाच्या परिचारिकेने मनिला शहरात राहून कैद्यांना गुप्तपणे औषधे व अन्न पोचविण्याचे काम केले. तिचा पती १९४२ सालीच काबानातुआन येथे मरण पावला होता. स्वतःचे माणूस गेल्यावरही परक्यांच्या माणसांसाठी तिने आपला जीव धोक्यात घातला, यापरते मोठे नाट्य कोणते? परंतु चित्रपटाने छावणीतील एक काल्पनिक अधिकारी निर्माण करून तिचे मन त्याच्या ठायी गुंतविले. परोपकाराला प्रीतीचे कारण जोडल्यावाचून तो आम्हांस पटणार नाही, असा निर्मात्यांचा समज झाला असावा. खेदाची गोष्ट ही की, प्रेक्षकाने याचा राग न मानता फक्त वेळ गेल्याची तक्रार केली.

तिसरी गोष्ट आक्षेपाची नसून मौनाची आहे. या मोहिमेचा गौरव करणारेही ती निव्वळ अमेरिकन पराक्रमाची कथा म्हणून वाखाणतात. रेंजर छावणीत शिरले त्या वेळी काबू नदीच्या पुलावर पाहोताच्या माणसांनी मोठ्या जपानी फौजेस रोखून धरले. ज्यांना चालवत नव्हते अशा कैद्यांसाठी खेडुतांनी आपल्या रेड्यांच्या गाड्या आणल्या. सैनिक जात असता भुंकू नयेत म्हणून आपल्या कुत्र्यांची तोंडे बांधून ठेविली. उद्या जपानी परत आले, तर सूड त्यांच्या झोपड्यांवर उगवला जाणार होता. चित्रपटाने पाहोतास निदान स्थान दिले आहे. प्रेक्षकाच्या स्मरणात मात्र त्याला ते मिळाले नाही.

हे सर्व परदेशाचे झाले. पण हीच घाई आपल्या घरीही आहे, आणि तेथे तिचे फळ अधिक कडू आहे. १९७१ च्या युद्धानंतर भारताने नव्वद हजारांवर पाकिस्तानी बंदिवान परत पाठविले. आपले ५४ जण मात्र बेपत्ता राहिले. ते आपल्याकडे नाहीत, असे पाकिस्तान सांगत आले. २००७ साली त्यांचे काही नातेवाईक पाकिस्तानातील तुरुंग पाहून आले आणि रिकाम्या हातांनी परतले. या विषयावर २००४ साली ‘दीवार’ हा हिंदी चित्रपट निघाला. त्यात मुलगा सीमेपलीकडे जातो आणि तेहतीस वर्षे कैदेत असलेल्या बापाच्या सुटकेस हात घालतो. २००७ साली ‘१९७१’ हा दुसरा चित्रपट आला. त्यात कैद्यांचे धैर्य अपुरे पडत नाही, तरीही सुटका पुरी होत नाही. त्याला उत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपटगृहांत मात्र त्याच्याकडे फारसे कोणी फिरकले नाही. बऱ्याच वर्षांनी, २०२० च्या टाळेबंदीत लोक घरी अडकून पडले, तेव्हा कोठे तो पुष्कळांनी पाहिला. चार भिंतींत कोंडले गेल्यावरच आम्हांस कोंडलेल्यांची कथा पाहण्याइतकी सवड मिळाली, हा योगायोग विचार करण्याजोगा आहे.

कोणी म्हणेल, कलेने सरकारकडे अर्ज का करावा? तिने तो करू नये, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु तिने खोटी पावतीही फाडू नये. पडद्यावरचा बाप घरी आला की प्रेक्षकाच्या मनातील ऋण फिटते. तो टाळ्या वाजवितो आणि बाहेर पडून गाडी गाठतो. ज्या घरी पन्नास वर्षे दाराशी कोणी आले नाही, त्या घरचे ऋण मात्र जसेच्या तसे उरते. म्हणून ज्या चित्रपटाने आम्हांस थोडे ताटकळत ठेविले, त्याच्यावर आम्ही रागावणार नाही. ताटकळणे हीच त्या कथेतील एकमेव गोष्ट आहे, की जी प्रेक्षकास आपल्या खुर्चीत बसून कैद्याबरोबर वाटून घेता येते. तेवढीही ज्याला जड वाटते, त्याने पराक्रमाच्या कथा खुशाल पाहाव्या. सुटकेविषयी मत देण्याच्या भरीस पडू नये.