टॉनिकच्या बाटलीचाही हिशेब हवा

जालन्याच्या मोंढ्यात माझे कृषी सेवा केंद्र आहे. बदनापूरच्या कृषी महाविद्यालयातून पदवी घेतली आणि वडिलांच्या दुकानात बसले. एक गोष्ट मी रोज पाहते. कीटकनाशक घेताना शेतकरी चार प्रश्न विचारतो. पंपाला किती टाकायचे, कशात मिसळायचे, फवारल्यावर तोडणी किती दिवसांनी करायची, माल परत आला तर काय. संजीवक घेताना मात्र एवढेच म्हणतो, "ताई, फुगवणीला काहीतरी चांगले द्या." जिबरेलिक आम्ल असो, एनएए असो की सायटोकायनीन, त्याच्या लेखी ते टॉनिक. टॉनिकने कोणाचे काय बिघडते?

बिघडू शकते. पिकाच्या मुळांतून आणि पानांतून आत काय जाते, किती वर चढते आणि किती काळ टिकते, यात संजीवकांचा मोठा वाटा असतो. काही वेळा तर संजीवक स्वतःच फळात अवशेष म्हणून उरते. म्हणून माझे म्हणणे आहे की विषारी औषधाइतकीच काटेकोर नोंद, लेबल आणि तपासणी संजीवकालाही लागू झाली पाहिजे.

२०१० सालचा फटका द्राक्ष बागायतदार विसरलेले नाहीत. त्या हंगामात युरोपात पोचलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईडचे अंश सापडले. युरोपची मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम. माल नाकारला गेला, भाव पडले, निर्यातदार आणि बागायतदार दोघेही अडकले. निर्यातीच्या द्राक्षांचा माग ठेवणारी ग्रेपनेट यंत्रणा सुरू होऊन काही वर्षे झाली होती, बागांची नोंदणी होती, प्रयोगशाळा होत्या. पण निर्यातीआधी तपासायच्या रसायनांच्या यादीत हे नाव नव्हते. ज्याला आपण बागेत सीसीसी किंवा लिहोसिन म्हणतो, तेच हे. ना ते कीड मारते, ना बुरशी. वेलीत जिबरेलिन तयार होण्यात ते अडथळा आणते, शेंड्याची धाव थांबवते आणि काडीत घडनिर्मितीला मदत करते. फवारणी होते उन्हाळ्यात, खरड छाटणीनंतर. फळछाटणी ऑक्टोबरच्या आसपास आणि तोडणी फेब्रुवारी-मार्चमध्ये. एवढ्या महिन्यांत ते निघून जाईल असा सगळ्यांचा समज होता. पण हे रसायन पाण्यात सहज विरघळते, रसासोबत झाडभर फिरते आणि लाकडात मुक्काम करते. नवी फूट निघाली की तिच्यासोबत पुन्हा वर येते. युरोपातल्या नाशपातीच्या बागांत तर फवारणी बंद केल्यानंतरच्या हंगामातही फळांत त्याचे अंश मिळाले होते.

कडवंचीसारख्या गावांनी पाणलोटाचे काम करून, शेततळी खोदून जालन्याच्या कोरडवाहू माळावर द्राक्ष उभे केले. एवढ्या कष्टाने आणलेला माल एका बाटलीपायी परत येणे कोणालाही परवडणारे नाही.

दुसरे उदाहरण आमच्या जिल्ह्याच्या जास्त जवळचे आहे, २,४-डी. हे रसायन १९४० च्या दशकात पुढे आले आणि ते ऑक्झिन या वनस्पती संप्रेरकाची नक्कल करते. मोसंबीची फळगळ थांबवण्यासाठी १०० लिटर पाण्यात दीड ग्रॅम, म्हणजे १५ पीपीएम, अशी त्याची शिफारस असते. त्याच रसायनाचे ५८ टक्क्यांचे तणनाशक १५ लिटरच्या पंपाला ४० मिली टाकले की द्रावण साधारण दीड हजार पीपीएमचे होते. शंभर पटीचा फरक. एका मात्रेला ते फळ धरून ठेवते, दुसऱ्या मात्रेला रुंद पानाचे तण मारते. आणि कपाशीला तर त्याचा नुसता वारा लागला तरी पुरतो.

पावसाळ्यात भोकरदन-जाफराबादकडचा शेतकरी पिशवीतून कपाशीचा शेंडा काढून काउंटरवर ठेवतो. पान हाताच्या पंजासारखे पसरट असायला हवे. ते अरुंद, लांबट, भेंडीच्या पानासारखे चिरलेले असते. शिरा एकमेकींना चिकटून समांतर धावतात, कडा आत वळलेल्या असतात, पात्या गळलेल्या असतात. "व्हायरस आलाय, भारीतले औषध द्या," तो म्हणतो. मी विचारते, "शेजारी मका किंवा ऊस आहे का? बांधावर तणनाशक मारले का? पंप कोणाचा होता?" बहुतेकदा उत्तर तिथेच मिळते. तणनाशक मारलेला पंप नुसता विसळून कपाशीला वापरलेला असतो. अशा वेळी कीटकनाशक विकणे म्हणजे शेतकऱ्याचे पैसे पाण्यात घालणे. स्वच्छ पाणी द्या, नवी फूट येऊ द्या, एवढेच सांगून मी त्याला रिकाम्या हाताने परत पाठवते.

कपाशी एवढी हळवी का? झाडाच्या पेशींना स्वतःचे ऑक्झिन आत घेण्यासाठी खास प्रथिनांची दारे असतात. त्यांतल्या एकाला शास्त्रज्ञ एयूएक्स-१ म्हणतात. २,४-डीची घडण ऑक्झिनशी इतकी मिळतीजुळती असते की हेच दार त्यालाही आत घेते. घरच्या माणसाच्या आवाजात कोणी हाक मारावी आणि आतून कडी निघावी, तसे हे आहे. फरक पुढे पडतो. स्वतःचे ऑक्झिन झाड गरज संपताच मोडून टाकते. २,४-डी मोडणे गव्हा-मक्याला बऱ्यापैकी जमते, कपाशीला जमत नाही. वाढीचा आदेश थांबतच नाही आणि पान वेडेवाकडे होते.

इतर सेंद्रिय रसायनांना असे खास दार क्वचितच मिळते. ती मुळातून पाण्याच्या ओढीने येतात. फार तेलकट रसायने मुळाच्या सालीलाच चिकटून राहतात. पाण्यात बऱ्यापैकी विरघळणारी आणि थोडी तेलाकडे झुकणारी मधल्या स्वभावाची रसायने पानांपर्यंत सहज चढतात. ही ओढ किती जोराची असेल हे पानांवरची रंध्रे ठरवतात आणि रंध्रांवर हुकूमत असते संप्रेरकांची. पाण्याचा ताण पडला की झाड अॅबसिसिक आम्ल तयार करते, रंध्रे मिटतात, प्रवाह मंदावतो. सायटोकायनीनने रंध्रे उघडी राहायला मदत होते, ऑक्झिनने मुळांचा पसारा वाढतो. म्हणजे मातीत किंवा पाण्यात नको ते रसायन असेल तर आपण दिलेले संजीवक त्याची वाट रुंद करू शकते किंवा अरुंदही करू शकते.

याची चांगली बाजूही आहे आणि ती मला आशादायक वाटते. चीनमधल्या झेजियांग विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ मध्ये काकडीवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. ब्रॅसिनोस्टेरॉईड गटातले संप्रेरक आधी फवारले, तर क्लोरपायरिफॉससारखी कीटकनाशके झाड लवकर मोडते आणि अवशेष कमी राहतात, असे त्यांना दिसले. विषाचा निचरा करणारी झाडाची स्वतःची यंत्रणा त्या संप्रेरकाने जागी होते. याच गटातले होमोब्रॅसिनोलाईड आपल्याकडे द्राक्षाच्या फुगवणीसाठी विकले जाते. अवशेष कमी करण्यासाठी त्याचा उपयोग होतो का, आपल्या काळ्या जमिनीत, आपल्या उन्हात, थॉमसनच्या घडावर आणि मोसंबीवर किती होतो, हे आपल्याच शास्त्रज्ञांनी तपासायला हवे. परभणीचे विद्यापीठ, बदनापूरचे मोसंबी संशोधन केंद्र, खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र आणि मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र एवढ्या संस्था हाताशी आहेत. हा विषय त्यांच्या प्रयोगांत अग्रक्रमाने यावा.

संजीवकांवर बंदी घाला, असे मी म्हणत नाही. जिबरेलिक आम्लात घड बुडवल्याशिवाय आज बाजाराला हवा तो मणी मिळत नाही, हे मला माहीत आहे. फळगळीने आंबिया बहार हातचा जाताना बघणाऱ्या बागायतदाराची घालमेलही मी पाहिली आहे. मला हवी आहे ती शिस्त.

पहिली गोष्ट, प्रत्येक बाटलीवर ठळक मराठीत तीन गोष्टी छापणे सक्तीचे करा: आत नेमके कोणते संप्रेरक आहे, किती टक्के आहे आणि फवारणी व तोडणी यांत किती दिवस हवेत. केंद्राने २०२१ मध्ये जैवउत्तेजकांना खत नियंत्रण आदेशाखाली आणले, हे चांगले झाले. पण नुसत्या 'फुगवण' किंवा 'चमक' अशा नावाखाली काय विकले जाते, याची दुकानात जाऊन नमुने घेऊन तपासणी झाली पाहिजे. माझ्या दुकानापासून सुरुवात करा.

दुसरी, कपाशीच्या तालुक्यांत खरिपात २,४-डीच्या इथाइल इस्टरची विक्री थांबवा. ते वाफ होऊन शेजारच्या शेतात जाते. अमाइन क्षार त्यामानाने कमी उडतो. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवण्याची सूचना प्रत्येक बिलावर छापा.

तिसरी, निर्यातीच्या द्राक्षाला जी तपासणी होते तिचा थोडा तरी भाग आपल्या मंडईला मिळू द्या. रॉटरडॅमच्या ग्राहकाला फळात काय उरले हे कळते. जालन्याच्या भाजीबाजारात लेकराला मोसंबीचा रस पाजणाऱ्या आईलाही ते कळण्याचा तेवढाच हक्क आहे. बाजार समितीच्या आवारातून दर हंगामात नमुने घ्यावेत, त्यांत संजीवकेही तपासावीत आणि निकाल फलकावर लावावेत.

आणि बागायतदार बंधू-भगिनींनो, फवारणीच्या वहीत कीटकनाशकाखालीच संजीवकाची तारीख आणि मात्रा लिहायला याच छाटणीपासून सुरुवात करा. दुकानदाराने नाव सांगितले नाही, तर बाटली परत करा. तुम्ही मागितल्याशिवाय आम्ही दुकानदार सांगणार नाही आणि आम्ही मागितल्याशिवाय कंपन्या छापणार नाहीत.