एक ते दहा

बत्तीस वर्षं मी बँकेत होते, त्यातली निम्मी कॅश काउंटरवर. शंभर नोटांचं पाकीट, दहा पाकिटांचं बंडल. ओल्या स्पंजाला बोट लावायचं आणि नोटा सरकवायच्या. समोरचे आजोबा पेन्शनचं गाऱ्हाणं सांगताहेत, शेजारची क्लार्क मुलीच्या दहावीचं विचारतेय, मी दोघांनाही उत्तरं देतेय, आणि तरी शंभरावी नोट आली की हात आपोआप थांबायचा. कॅश जुळेना म्हणून उशिरापर्यंत बसावं लागलं, असे दिवस माझ्या वाट्याला फार थोडे आले. त्यामुळे झेन शिबिराच्या पहिल्या संध्याकाळी आम्हाला जेव्हा सांगितलं, ‘बाहेर जाणारा श्वास मोजा, एक ते दहा, चुकलात की पुन्हा एक,’ तेव्हा मला हसूच आलं. हे तर आपलंच खातं!

तीन दिवस मी चारच्या पुढे गेले नाही.

घरी आधीच सगळ्यांनी करमणूक करून घेतली होती. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, “सहा दिवस तू बोलणार नाहीस? तिकीट लावलं तर बघायला येऊ आम्ही.” दिरांचा प्रश्न रास्त होता, गप्पच बसायचं तर इगतपुरी सोडून तमिळनाडूत कशाला? इगतपुरीचं विपश्यनेचं शिबिर मी दहा वर्षांपूर्वी केलं होतं. तिथे डोळे मिटून संवेदनांकडे बघायचं असतं. झेनमध्ये डोळे अर्धवट उघडे, समोर भिंत. मिटल्या डोळ्यांआड मी सरळ झोपते, हे मला इगतपुरीतच कळलं होतं.

कोडाईकनालच्या घाटात पेरुमलमलै नावाचं गाव आहे, तिथे बोधी झेंडो हे ध्यानकेंद्र. हे केंद्र १९९६ साली सुरू केलं ते फादर अमा सामी या जेझुइट धर्मगुरूंनी. जपानात कामाकुराला झेनगुरू यामादा कोउन यांच्याकडे त्यांची साधना झाली. म्हणजे तमिळ ख्रिस्ती पाद्री जपानहून बुद्धाची बैठक शिकून आला. ऐकायला विचित्र वाटतं, पण शब्दाचा प्रवासही तसाच आहे. आपलं ध्यान, पालीत झान, चीनमध्ये चान, जपानात झेन. ते चीनला नेणारा बोधिधर्म कांचीचा राजपुत्र होता, अशी तमिळ मुलखात श्रद्धा आहे. तो नऊ वर्षं भिंतीकडे तोंड करून बसला म्हणतात. माझ्या भिंतीवर डाव्या हाताला चुन्याचा एक फुगवटा होता. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो मला पाठ झाला.

अशा सलग बैठकांच्या शिबिराला सेशिन म्हणतात. मनाला भिडणं, असा काहीसा त्याचा अर्थ. एक बैठक पंचवीस मिनिटांची. मग किनहिन, म्हणजे एकामागोमाग एक, नजर खाली ठेवून सावकाश चालणं. पुन्हा बैठक. दिवसभर हेच. मध्ये तासभर काम, एक प्रवचन, जेवण. गुडघ्यांबद्दल लिहीत नाही. माझ्या वयाच्या वाचकांना ते सांगायला नको आणि तरुणांना कळणार नाही.

चारनंतर पाच का येत नव्हता? उत्तर अगदी क्षुल्लक आहे, कोथिंबीर. निघताना एक जुडी फ्रीजमध्ये राहिली होती. एक, दोन, तीन, चार, ती काळी पडली असेल. पुन्हा एक. कधी कोथिंबिरीऐवजी लॉकरची किल्ली यायची, कधी १९९४ साली मला टाकून बोललेल्या मॅनेजरला द्यायचं राहून गेलेलं उत्तर. उत्तर झकास होतं, फक्त वेळ गेली होती.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वेगळंच काही दिसलं. हात मांडीत, उजव्यावर डावा तळवा, अंगठ्यांची टोकं जेमतेम टेकलेली, अशी मुद्रा असते. श्वास मोजता मोजता माझा उजवा अंगठा हलत होता. बारीकसा, पुढे, मागे, पुढे. नोटा सरकवत होता! निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मग उलगडा झाला. बत्तीस वर्षं मी कधी मोजलंच नव्हतं. अंगठा मोजायचा, मी गप्पा मारायचे. अंगठा दाबून धरला आणि मोजायला बसले, तर दोनवरच अडकले.

कामाच्या तासाला माझ्याकडे लसूण होता. कोडाईचा डोंगरी लसूण, वास असा की रात्रीच्या बैठकीतही तो माझ्याबरोबर बसायचा. तिथे मात्र मोजायचं नव्हतं, नुसतं सोलायचं. मी चोरून मोजलं. एकशे बारा पाकळ्या.

गुरूंना एकेकट्याने भेटायची वेळ असते, दोकुसान. आत काय बोलणं झालं ते बाहेर सांगायचं नाही असा संकेत आहे, तो मी पाळते. एवढंच सांगते की आत गेले आणि खरा आकडा सांगितला.

किनहिनमध्ये सहा दिवस माझ्यापुढे निळे मोजे चालत होते. डाव्या टाचेला रफू, काळ्या दोऱ्याने, पण टाके असे एकसारखे की बघत राहावं. चेहरा बघायचा नसतो, म्हणून मी टाचेवरून माणूस रचला. पन्नाशीची, करारी, बहुधा केरळची, ध्यानात मुरलेली. शेवटच्या दिवशी नाश्त्याला मौन सुटलं आणि खोलीत एकदम एसटी स्टँड झाला. निळे मोजे माझ्याकडे वळले आणि म्हणाले, “तुम्ही मराठी ना हो? पहिल्या दिवशी शिंकल्यावर ‘आई गं’ म्हणालात.” बाई मिरजेच्या निघाल्या.

बँकेचं सांगून झालं. इडली संपली. मग त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, “मोजणं कुठवर गेलं तुमचं?”

“सहा,” मी म्हणाले.

“बँकेतल्या माणसाचं बरं असतं बाई,” त्या म्हणाल्या. “माझं दोनच्या वर जाईना.”